सासऱ्यांच्या गल्लीतले शेजारी: कौन्सिल इस्टेटवरच्या आठवणी कशा काढून घ्यायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासरे इंग्लिश, जन्म १९४६ चा, लेस्टरच्या न्यू पार्क्स इस्टेटवर कौन्सिलच्या घरात, म्हणजे नगरपालिकेने बांधून भाड्याने दिलेल्या घरांच्या वसाहतीत वाढले, आता ऐंशीला टेकलेत आणि नातवंडांसाठी त्यांच्या लहानपणच्या शेजाऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात. पण विचारलं की ते दोनच वाक्यं बोलतात, आम्ही गरीब होतो पण मजेत होतो, सगळ्यांची दारं कायम उघडी असायची, आणि मग किटली लावायला उठतात. सूनबाई पुण्याच्या, त्यांना वाटतंय की हे सगळं आपल्या चाळीसारखंच असणार, तर त्याच अंगाने प्रश्न विचारावेत का.

मी मिडलंड्समधल्या एका कौन्सिलच्या हाऊसिंग खात्यात नोकरीची बरीच वर्षं काढलीत आणि रिटायर झाल्यापासून अशाच इस्टेटींवर वाढलेल्या म्हाताऱ्या लोकांच्या आठवणी रेकॉर्ड करतेय, त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊनच बसा.

आधी ती चाळ डोक्यातून काढा. चाळीशी जुळेल असं इंग्लंडमध्ये जे होतं ते कौन्सिल इस्टेटच्या आधीचं, म्हणजे गावात मध्यभागी असलेल्या, भिंतीला भिंत लागलेल्या जुन्या घरांच्या रांगांची वस्ती, मागे सामायिक अंगण, अंगणात चार-सहा घरांत मिळून एक-दोन संडास, एखादा नळ, कपडे धुवायची सामायिक खोली. लेस्टरमध्ये व्हार्फ स्ट्रीटच्या बाजूला अशी वस्ती होती, ती पुढे पाडली. तिथे शेजारी नको म्हटला तरी टळत नव्हता. कौन्सिलचं घर मिळणं म्हणजे नेमकं त्यातून सुटणं होतं, स्वतःचा नळ, स्वतःचा संडास, स्वतःचं गेट आणि गेटाला लागून स्वतःची हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण. १९४५ ला ॲटलीचं लेबर सरकार आलं, घरबांधणी आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हनकडे होती आणि त्या माणसाचा हट्ट असा की संख्या कमी झाली तरी चालेल पण घर चांगलं हवं, तीन बेडरूमचं घर साधारण ९०० चौरस फुटांचं, वर एक संडास आणि खाली एक. १९५१ ला टोरी म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह आले, हॅरोल्ड मॅकमिलनने वर्षाला ३ लाख घरांचा आकडा धरला आणि १९५३ मध्ये गाठलाही, पण घरं आखडली. म्हणून सासऱ्यांना पहिल्यांदा हे विचारा की खाली संडास होता का. हो म्हणाले तर घर बहुतेक सुरुवातीच्या वर्षांतलं, आणि मग ते घर आईला मिळालं त्या दिवसाची गोष्ट घरात नक्की सांगितली जात असणार, आंघोळीचा टब बघून आई रडली वगैरे. ही टबाची गोष्ट मी इतक्यांकडून ऐकलीय की आता पुढचं वाक्य मीच पूर्ण करू शकते, पण म्हणून ती खोटी नाही. ज्या बाईने भिंतीवरचा पत्र्याचा टब दर शनिवारी खाली काढून, पाणी तापवून, एकाच पाण्यात एकामागून एक सगळ्या घराला आंघोळ घातलीय तिला नळ फिरवल्यावर गरम पाणी आल्याचं काय वाटलं असेल ते आपल्याला बंबाच्या पिढीला कळू शकतं.

तर मुद्दा असा की इस्टेटवर आलेले लोक एकमेकांना अनोळखी होते. घर वाटप यादीवरून व्हायचं, जुन्या गल्लीतले शेजारी बरोबर यायचे नाहीत, आजी-मावशी तिकडेच गावात राहायच्या आणि बस पकडून भेटायला जावं लागायचं. मायकल यंग आणि पीटर विलमॉट या दोघांनी लंडनच्या बेथनल ग्रीनमधून एसेक्समधल्या नव्या कौन्सिल इस्टेटवर गेलेल्या कुटुंबांचा अभ्यास १९५७ मध्ये छापला, त्यात बायका वारंवार हेच सांगतात की घर छान आहे पण बोलायला माणूस नाही. आणि तुमचे सासरे सांगतात दारं उघडी असायची! दोन्ही खरं आहे. आईच्या बाजूने ती गल्ली हेजच्या पलीकडच्या नमस्काराची होती, मुलाच्या बाजूने ती सगळीच्या सगळी त्याची होती, कारण युद्ध संपल्यावर जन्मलेल्या मुलांनी त्या गल्ल्या ओतप्रोत भरल्या होत्या, मोटारी जवळजवळ नव्हत्या, आणि पोरं हेजमधल्या भोकातून मागच्या दारातून कुठेही शिरायची. तुम्ही जे रेकॉर्ड करणार आहात ते पोराचं जग आहे, त्याला पोरासारखेच प्रश्न विचारावे लागतात. शेजारी कसे होते, संबंध कसे होते, हे मोठ्यांचे प्रश्न, त्यांची उत्तरं मोठ्यांसारखी गुळगुळीतच येणार.

मी काय करते ते सांगते. एक मोठा कागद घेते, वॉलपेपरची उलटी बाजू असेल तर उत्तम, आणि त्यांनाच पेन देते. तुमचं घर काढा. आता दोन्ही बाजूंची. समोरची. दिव्याचे खांब कुठे होते? गल्लीला वळण कुठे होतं? जिटी कुठून निघायची? लेस्टरमध्ये दोन घरांमधल्या बोळाला जिटी म्हणतात, तुम्ही हा शब्द वापरलात तर सासरे मनातल्या मनात खूश होतील. मग एकेका घरापाशी थांबायचं. त्या घरात पुढच्या दाराने गेलात की मागच्या? या प्रश्नाने निम्मं काम होतं, कारण पुढचं दार डॉक्टर, पाद्री, पोलीस आणि शवपेटी यांच्यासाठी असायचं, बाकी सगळा व्यवहार मागच्या दाराने. मागच्या दाराने आत जाता येत होतं अशी घरं किती निघतात ते मोजा, सगळ्यांची दारं उघडी असायची या वाक्यातले सगळे म्हणजे बहुतेक वेळा चार-पाच घरं असतात. त्यांच्या आईने कोणाला ऑंटी म्हणायला शिकवलं आणि कोणाला मिसेस अमुक, हेही प्रत्येक घरापाशी विचारा. आपण जसे समोरच्या बाईला काकू म्हणायचं की मावशी हे आईच्या मैत्रीवरून ठरवतो तसंच ते होतं. दहा घरांची ऑंटी-मिसेस अशी विभागणी झाली की त्यांच्या आईचं सगळं जग कागदावर आलं समजा, आणि हे त्यांनी स्वतः कधी अशा नजरेने बघितलेलं नसतं.

घरात गेल्यावर वास कसला यायचा, शेकोटीवरच्या फळीवर काय ठेवलेलं असायचं, कुत्रं होतं का, बसायला सांगायचे की उभंच ठेवायचे, खायला काय मिळायचं. ब्रेडवर ड्रिपिंग, म्हणजे मांस भाजताना गळलेली चरबी, वर मीठ. हे शेजारच्या घरी मिळायचं आणि स्वतःच्या घरी नाही, किंवा उलटं. रेशन लक्षात ठेवा, युद्ध १९४५ ला संपलं तरी रेशन संपलं नव्हतं, मिठाईवरचं रेशन फेब्रुवारी १९५३ मध्ये उठलं आणि मांसावरचं थेट जुलै १९५४ मध्ये. सासरे तेव्हा सहा-सात ते आठ वर्षांचे, म्हणजे गोळ्या-चॉकलेटं मोकळी झाली तो दिवस त्यांना आठवायची दाट शक्यता आहे आणि त्या दिवशी कोण शेजारी पोरांना पैसे देऊन गेला हेही.

आता आठवड्याचे येणारे-जाणारे. इथे मात्र वेळ काढा, माझ्या मते सगळ्यात जास्त माल इथेच असतो, कारण शेजारी एकमेकांना दिसायचे ते दारावर कोणी आलं की. सोमवारी धुणं, सगळ्या गल्लीचं एकाच दिवशी, कपडे उकळायचा तांब्याचा हंडा, पिळायचं मँगल, पांढऱ्याला निळीची पुडी. धुणं दोरीवर टाकलं की कोणाच्या चादरी फाटक्या ते सगळ्यांना कळायचं, आणि नेमका त्याच वेळी कोळशावर चालणाऱ्या कारखान्यांचा धूर इकडे वळला किंवा कोणी बागेत कचरा पेटवला की भांडण. ही भांडणं विचारा, लोक हसत सांगतात. कोळसेवाला पाठीवर हंड्रेडवेटचं पोतं घेऊन, म्हणजे आपल्या हिशोबात पन्नास किलोच्या आसपास, सरळ कोळशाच्या कोठडीत ओतायचा आणि आई पोराला पोती मोजायला उभं करायची. दूधवाल्याचा, ब्रेडवाल्याचा घोडा गल्लीत शेण टाकून गेला की दोन म्हातारे बादली-फावडं घेऊन धावायचे, गुलाबांसाठी, आणि त्या शेणावर हक्क कोणाचा यावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले लोक मला माहीत आहेत. भंगारवाला जुने कपडे घेऊन फुगा किंवा गोल्डफिश द्यायचा, त्यापायी पोरांनी बापाचा चांगला कोट नेऊन दिल्याची गोष्ट प्रत्येक इस्टेटवर एक तरी असते.

पैशाचे लोक वेगळे. भाडं घ्यायला येणारा रेंट मॅन, इन्शुरन्सवाला, फुटबॉल पूल्सचे, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैसे लावायचे कूपन गोळा करणारा, आणि क्लब मॅन किंवा टॅलीमॅन, ज्याच्याकडून कपडे-चादरी हप्त्याने घ्यायच्या. रेंट मॅन आला की सोफ्यामागे लपायचं आणि पोराने दारात जाऊन आई घरी नाही सांगायचं, हे तुमचे सासरे सांगणारच, सगळेच सांगतात, पण तिथे थांबू नका. विचारा, तो येतोय हे कळायचं कसं? मग निघतं की पलीकडच्या बाईने शेकोटीच्या मागच्या भिंतीवर सळईने दोनदा ठोकलं की समजायचं, आणि यांच्या आईने लगेच पुढच्या घराच्या भिंतीवर ठोकायचं, असं करत बातमी रेंट मॅनच्या आधी गल्लीच्या टोकाला. आणि विचारा की कोणाला ठोकायचं नाही. कारण गल्लीत एखादं घर असं असतंच की ज्यांचं भाडं कधी थकत नाही आणि ज्यांना कळता कामा नये.

मीटर हा आणखी एक. गॅस आणि विजेचं मीटर नाण्यांवर चालायचं, शिलिंग संपलं की घरात अंधार, मग पोराला शेजारी पाठवायचं दोन सिक्सपेन्स देऊन शिलिंग आणायला. मीटरवाला यायचा तेव्हा पेटीतली नाणी टेबलावर ओतून मोजायचा आणि जास्त जमा झालेले काही परत द्यायचा, त्या दिवशी आईकडे रोख पैसे असायचे आणि उधारी फिटायची, साखरेची वाटी, चहाची पुडी, अर्धा क्राऊन, सगळं त्याच दुपारी पोराच्या हातून घरोघरी परत. हिशोबाला बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड, १५ फेब्रुवारी १९७१ ला ते बंद झालं. आपल्याकडच्या आणे-पैवाल्या आजोबांसारखेच हे लोक अजून मनात त्यातच मोजतात, त्यांनी सांगितलेली किंमत पौंड-पेन्समध्ये बदलून घेऊ नका, आहे तशी राहू द्या.

आणि को-ऑप, म्हणजे ग्राहकांच्या सहकारी सोसायटीचं दुकान. आईचा डिव्हिडंडचा नंबर काय होता म्हणून विचारा, पटकन म्हणून दाखवतील, काल काय जेवले ते आठवत नसलेले लोक हा नंबर धडाधड सांगतात. प्रत्येक खरेदीला तो नंबर सांगायचा आणि ठराविक काळाने त्यावर पैसे परत मिळायचे. पण माझी युक्ती पुढची आहे, मी विचारते दुसऱ्या कोणाचा नंबर आठवतो का. आठवत असला तर त्या शेजारणीसाठी हे पोर सामान आणायला जायचं, आणि मग त्या बाईचं अख्खं घर उलगडतं, पायाने अधू होती का, नवरा रात्रपाळीला होता का, सुट्टे पैसे ठेव म्हणायची का मोजून घ्यायची.

लेस्टरचं एक वेगळेपण आहे ते सुटू देऊ नका, इथे बायका कामाला जायच्या. होजिअरीच्या गिरण्या म्हणजे मोजे-बनियनचे कारखाने आणि बुटांचे कारखाने, कोराहसारख्या मोठ्या कारखान्यात हजारो बायका, आणि लग्न झाल्यावर, मुलं झाल्यावरही बऱ्याच जणी परत जायच्या किंवा घरी गठ्ठे आणून शिवण-टाचण करायच्या. म्हणून शाळा सुटल्यावर पोर कोणाच्या घरी जायचं हा प्रश्न तिथे खरा प्रश्न आहे. किल्ली दोरीला बांधून पत्रपेटीच्या फटीतून आत सोडलेली असायची का, का शेजारची बाई सांभाळायची, तिला त्याचे पैसे मिळायचे का. आणि जुलैची लेस्टर फोर्टनाइट, कारखाने एकदम दोन आठवडे बंद, निम्मी गल्ली स्केगनेस किंवा मेबलथॉर्पच्या समुद्रावर. तिथे जाऊन पुन्हा तेच शेजारी दिसायचे म्हणून वैतागलेले बाप मी ऐकलेत. पण जे जात नव्हते ते कोण? रिकाम्या गल्लीत दोन आठवडे राहिलेल्या पोराला विचारा, तो वेगळंच सांगतो.

आता जरा माझ्या खात्याबद्दल, कारण बाहेरच्यांना हे माहीत नसतं. कौन्सिलचं घर मिळायच्या आधी एक बाई घर बघायला यायची, हाऊसिंग व्हिजिटर, गाद्या, चूल, पोरांच्या माना बघून जायची आणि बाई स्वच्छ आहे की नाही याचा शेरा लिहायची, आणि चांगला शेरा असेल तर चांगली गल्ली, बेताचा असेल तर जुनी इस्टेट. १९६९ मध्ये कलिंगवर्थ समितीच्या अहवालाने या प्रतवारीवर टीका केली, पण तोपर्यंत गल्ल्यांचे स्वभाव ठरून गेले होते. मी जुनी कार्डं चाळलीत, दोन ओळींत एका बाईचा निकाल लावलेला, वाचून आजही चीड येते. तर अमुक टोकाकडचे लोक आमच्यातले नव्हते, तिकडे खेळायला जायला आईची बंदी होती, असं सासरे म्हणाले तर ते नुसता आईचा ताठा म्हणून सोडून देऊ नका, ती रेघ निम्मी ऑफिसात मारलेली असायची. आणि ती रेघ जपायला बायका मरमर मरायच्या, पायरी लाल पॉलिशने घासायची, जाळीचे पडदे धुवायचे, हेज कापायची, कारण हेज वाढली की कौन्सिलचं पत्र येणार. कबुतरं पाळायची तर परवानगी, शेड बांधायची तर परवानगी, दाराचा रंग कौन्सिलचा. शेजारणीची पायरी घासलेली नाही यावर त्यांच्या आईचं काय म्हणणं असायचं ते विचारा, अगदी तिच्या आवाजात सांगतील.

पुरुष हा अवघड भाग. पोरांनी पुरुष बघितले ते सायकलवरून जाताना आणि येताना, बागेत, आणि पबमधून परतताना. पण त्या गल्लीतले बरेच बाप युद्धातून आलेले होते आणि लेस्टरशायर रेजिमेंटची तर एक बटालियन फेब्रुवारी १९४२ ला सिंगापुरात जपान्यांच्या कैदेत गेली आणि दुसरी १९४४ मध्ये चिंडिटांबरोबर, म्हणजे जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या तुकड्यांबरोबर, ब्रह्मदेशच्या जंगलात होती. त्यामुळे भिंतीपलीकडून रात्री ओरडणारा शेजारी, किंवा राइस पुडिंग समोर आलं की कैदेतला भात आठवून उठून जाणारा शेजारी, हे इथे नुसत्या कथेतले नाहीत. आणि तुम्ही पुण्याच्या आहात म्हणून सांगते, या लोकांतले बरेच जण मुंबई बंदरात उतरून देवळालीच्या छावणीतून पुढे गेलेले, पोरांना एक-दो-तीन शिकवणारा, चहाला ‘चार’ (char, आकडा नव्हे) म्हणणारा एखादा अंकल त्या गल्लीत असायची चांगलीच शक्यता आहे. तुम्ही देवळाली म्हणालात तर सासऱ्यांच्या डोक्यात दिवा पेटेल, इंग्लिश सुनेने विचारलं असतं तर पेटला नसता.

राणीच्या राज्याभिषेकाचं फार खोदू नका. २ जून १९५३, पाऊस, कोणाच्या तरी घरी छोट्या टीव्हीसमोर वीस माणसं, गल्लीतली पार्टी पावसामुळे हॉलमध्ये. देशात २ कोटींवर लोकांनी टीव्हीवर बघितला आणि सगळे आता तेच सांगतात, त्यात टीव्हीवर नंतर बघितलेलं किती आणि तेव्हाचं किती ते वेगळं करता येत नाही. एवढंच विचारा की टीव्ही कोणाचा होता आणि दुसऱ्या दिवशी त्या घराशी लोक कसे वागले. त्यापेक्षा ५ नोव्हेंबरची बॉनफायर जास्त देते, आठवडे आधीपासून लाकूडफाटा जमवायचा, शेजारच्या गल्लीतली पोरं रात्री येऊन चोरून नेणार म्हणून पहारा, कोणाचा मोडका सोफा, कोणाचं जुनं दार, राखेत भाजलेले बटाटे. आपल्याकडच्या होळीला लाकडं पळवतात तसंच हुबेहूब. गल्ली म्हणून लोक खरंच एक कधी झाले तर त्या रात्री आणि कोणी मेलं तर. मयत झालं की रस्त्यावरच्या सगळ्या घरांचे पुढचे पडदे ओढलेले, एक बाई घरोघर फिरून हारासाठी पैसे गोळा करणार, आणि बहुतेक गल्लीत एक बाई अशी असायची जी मयताला अंघोळ घालून तयार करायची आणि बाळंतपणालाही तीच. १९४८ च्या जुलैत एनएचएस, म्हणजे सरकारी मोफत आरोग्यसेवा आली, दाई फुकट झाली, तरी पन्नाशीच्या दशकात बरीच बाळंतपणं घरीच होती, पोरांना रात्रीतून शेजारी झोपायला पाठवायचं आणि सकाळी भावंड. कोणाच्या पलंगावर झोपला होतात ते विचारा.

चेंडू परत न देणारी एक म्हातारीही असणार. पोरं तिला चेटकीण म्हणायची. तिचं घर कागदावर काढल्यावर मी विचारते की ती तेव्हा किती वर्षांची असेल. साठीची, असं म्हणतात आणि मग गप्प होऊन हिशोब करतात, १९५५ ला साठ म्हणजे १९१४ च्या युद्धात ती एकोणीस-वीसची. पुढे मी काही बोलत नाही, कधी काही निघतं, कधी नाही.

झाकलेल्या गोष्टी येणार हे धरून चाला. मारणारा नवरा, भिंतीतून सगळ्यांना ऐकू यायचं आणि कोणी दार वाजवायचं नाही. लांबच्या मावशीकडे गेलेली आणि सहा महिन्यांनी परत आलेली मुलगी. मोठी बहीण जी खरं म्हणजे आई होती. रातोरात भाडं बुडवून सामानासकट गायब झालेलं कुटुंब. हे सांगताना ते नाव घेतील आणि त्या घरातली मुलं आज सत्तर-ऐंशीची, कदाचित त्याच गावात आहेत. रेकॉर्डिंग घरातच राहणार असेल तरी नातवंडं उद्या ते नेटवर टाकतील, म्हणून अशा जागा लिहून ठेवा, त्यांच्याशी बोलून त्या भागाची वेगळी कॉपी करा आणि शेजाऱ्यांची नावं काढून टाका. आणि खोदू नका, ते थांबले की तुम्हीही थांबा.

अजून एक, जरा अवघड. त्या गल्लीत कोण नव्हतं हेही विचारायला हवं आणि ते विचारणारी तुम्ही आहात. युद्धानंतर लेस्टरला पोलिश, युक्रेनियन, लॅटव्हियन आले, आयरिश आले, मग कॅरिबियन आणि भारतीय, पण कौन्सिलच्या यादीत नाव लागायला गावात ठराविक वर्षं राहिल्याची अट बऱ्याच ठिकाणी असायची, त्यामुळे आपले लोक हायफील्ड्ससारख्या भागात खाजगी खोल्यांत किंवा स्वस्तातली जुनी घरं विकत घेऊन राहिले आणि पन्नाशीतल्या इस्टेटी जवळजवळ पूर्ण गोऱ्या राहिल्या. आमच्याकडे तसा काही भेदभाव नव्हता, असं सासरे तुम्हाला सांगतील, कारण समोर तुम्ही बसलाय. मलाही असंच सांगतात, माझ्या कुंकवाकडे बघून वाक्य मध्येच बदलतात. वाद घालू नका, नुसतं विचारा की गल्लीत पहिलं परकं कुटुंब कोणतं आलं आणि त्यांच्या घरी तुम्ही मागच्या दाराने गेलात का. दाराचा प्रश्न सगळ्यांना एकच, मग तो टोचत नाही.

तपासायचं असेल तर एवढं आहे. १९५१ ची जनगणना २०५२ पर्यंत बंद आहे, १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताना केलेली रहिवाशांची नोंद, तुमच्या कामाचं नाही कारण तोवर ही इस्टेटच नव्हती, तेव्हा मतदार याद्या हाच आधार, दरवर्षीच्या, घर नंबरप्रमाणे, काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात बघायला मिळतात. त्यात तेव्हा २१ वर्षांवरचेच लोक सापडतील, मुलं नाहीत, पण एकाच घरात वेगळ्या आडनावाचा माणूस दिसला की भाडेकरू होता का, काका होता का, असा नवा प्रश्न मिळतो. केलीज डिरेक्टरी या छापील पत्ते-पुस्तकातही गल्लीवार कुटुंबप्रमुखाचं नाव आणि दुकानं मिळतात. यादी त्यांना पहिल्या बैठकीत दाखवू नका, नाहीतर ते यादी वाचून दाखवतील. गल्लीत प्रत्यक्ष घेऊन जायचंही नंतर, कारण १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना घरं विकत घेता आली आणि आता तिथे प्रत्येकाचं दार वेगळं, पोर्च, गाड्या, हेज काढून फरशी. ते आधी बघितलं तर जुनं पुसट होतं. लेस्टर युनिव्हर्सिटीत २००१ पासून ईस्ट मिडलंड्स ओरल हिस्ट्री आर्काइव्ह आहे, तिथली जुनी रेकॉर्डिंग्ज आधी ऐका, म्हणजे त्यांची बोली कानावर बसेल.

बाकी यंत्राचं काही विशेष नाही. मोबाईल चालतो, एअरप्लेन मोडवर, स्वयंपाकघरात नको कारण फ्रीजचा आवाज येतो, कार्पेट आणि पडदे असलेली खोली घ्या, फोन टेबलावर थेट न ठेवता खाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. तासाभराच्या वर नको. सुरुवातीला तारीख, जागा, दोघांची नावं बोलून घ्या. ते बोलत असताना हं हं करू नका, मान हलवा, आपल्या लोकांना हे फार जड जातं. एक गोष्ट संपली की पाच-दहा सेकंद काही बोलू नका, दुसरी गोष्ट त्या गॅपमध्ये येते. कागदावर त्यांचं पेन कुठे फिरतंय ते रेकॉर्डिंगमध्ये कळत नाही म्हणून घर नंबर मोठ्याने म्हणत चला. फाईल त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी.

आणि पहिल्या बैठकीला नवऱ्याला घराबाहेर पाठवा. मुलगा समोर असला की बाप त्याला आधी सांगितलेल्याच गोष्टी परत सांगतो आणि मुलगा मध्येच म्हणतो नाही डॅड, ते बारा नंबरचे होते. त्याला तिसऱ्या वेळी बोलवा, कागद पूर्ण भरलेला असेल तेव्हा.